कोलंबोचा चौथा गोल

बाहेरच्या खोलीत कोणीतरी म्हणालं, "अबे, सोड की बॉल, गाढवा," आणि गिरिजाबाईंच्या हातातली चहाची गाळणी कपातच पडली. आवाज घोगरा होता, घशात भुसा अडकल्यासारखा, आणि शेवटचा शब्द अर्धा आतच राहिला होता. पण तो ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. माघ महिन्यापासून त्या घरात तो आवाज नव्हता. माघातल्या एका सकाळी संपतराव स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जायला म्हणून उठले, शर्टाची बाही शोधता शोधता खाटेवर बसले, आणि उठायला गेले तर उजवी बाजू त्यांची राहिली नव्हती. त्या दिवसापासून तोंडून शब्द म्हणून फुटला नाही. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लकवा मेंदूतल्या बोलण्याच्या जागेवर बसलाय. पाय सुधारेल, हात थोडाफार सुधारेल, वाचेचं काही सांगता येत नाही. पाय सुधारला. काठी टेकत ते रेल्वे क्वार्टरच्या फाटकापर्यंत जायला लागले. वाचा आली नाही. आता पोळाही होऊन गेला होता. घरातल्या त्या गप्पपणाला गिरिजाबाई इतक्या सरावल्या होत्या की नवऱ्याचा आवाज कानावर पडला तेव्हा त्यांना आनंद झालाच नाही. आधी भीती वाटली, रिकाम्या समजलेल्या कोठीत काहीतरी हललं म्हणजे वाटते तशी.

त्या तशाच ओल्या हातांनी दारात आल्या. बाहेर रेडिओच्या गलक्यात कोणाला काही कळलंच नव्हतं. गफूरमियाँ आणि भुजंग, संपतरावांचे दोघे जुने दोस्त, खाली सतरंजीवर बसले होते आणि त्यांच्यामध्ये गफूरमियाँचा रेडिओ होता. स्टेशन रोडवरच्या आपल्या सायकलच्या दुकानातून तो त्यांनी गोधडीत गुंडाळून, कॅरिअरला बांधून आणला होता, कारण संपतराव दुकानापर्यंत येऊ शकत नव्हते आणि चारकमानची मॅच संपतरावांशिवाय ऐकणं गफूरमियाँना हराम वाटत होतं. चारकमान स्पोर्टिंग हा हैदराबादचा क्लब. मोसम सुरू व्हायच्या आधी तो सिलोनला सरावाला गेला होता, आणि कोलंबोत गोदी कामगारांच्या टीमशी त्याची फ्रेंडली होती. सिलोनच्या रेडिओवर तिचं हिंदीत वर्णन लागणार म्हटल्यावर गफूरमियाँ आठ दिवस आधीपासून काटा फिरवून स्टेशन पक्कं करून बसले होते. आणि आता चौथा गोल बसला होता. चारही चारकमानवर. भुजंग उभा राहून भिंतीकडे तोंड करून बोलत होता. नाक कापलं, तो म्हणत होता, समुद्रापलीकडं जाऊन नाक कापून घेतलं, त्यापेक्षा इथं परतूरच्या पोरांशी खेळले असते तरी इज्जत राहिली असती. गफूरमियाँनी हात पुढे केला आणि रेडिओ बंद केला. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

गिरिजाबाईंनी संपतरावांकडे पाहिलं. ते खाटेवर पुढे झुकून बसले होते. चेहरा लाल झाला होता, नजर मुक्या रेडिओवर होती, आणि डावा हात खाटेच्या लाकडी गातावर आपटत होता. तोंड उघडं होतं. त्यातून काही येत नव्हतं.

"रेडिओ लावा," गिरिजाबाई म्हणाल्या.

"वहिनी, काय लावता," भुजंग म्हणाला. "आपले हरून राह्यले."

"हरू द्या. लावा तुम्ही."

वीस वर्षांत या बाईने चारकमानचं नाव कधी प्रेमाने घेतलं नव्हतं. दोघे त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. मग गिरिजाबाईंनीच पुढे होऊन बटण फिरवलं. कोणत्या बाजूला फिरवायचं ते ठाऊक नव्हतं. आधी नुसती खरखर आली, मग माणसांचा गलका, मग तो वर्णन करणारा, जो दर वाक्याला धापा टाकत होता. "गफूरभाई," त्या हळूच म्हणाल्या, "ह्ये बोलले. मी ऐकलं आतून." गफूरमियाँनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता, दया होती, आणि ती दया गिरिजाबाईंना ओळखीची होती. सहा महिने सगळे त्यांच्याकडे तसंच बघत होते. आपल्याला भास झाला असेल का? स्टोव्हच्या आवाजात माणसाला काहीही ऐकू येतं. दुपारी बियाण्यांच्या गोदामात ज्वारीचं बी निवडताना, सुपांच्या सळसळीत, त्यांना कितीदा कोणी हाक मारल्यासारखं वाटलं होतं. त्या खाटेच्या पायाशी जमिनीवर बसल्या आणि ऐकायला लागल्या. खेळातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं की बॉल चारकमानच्या गोलाकडेच आहे, आणि तिथून तो बाहेर जायला तयार नाही. बाबांनो, त्या मनातल्या मनात म्हणाल्या, मारा अजून एक. कोणाला म्हणाल्या? नवस-सायास सोडून अठरा वर्षं झाली होती. दीक्षा घेतली तेव्हा देवाकडे मागायची सवय घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आल्या होत्या. म्हणून देवाला नाही, त्या थेट सिलोनच्या त्या गोदीतल्या माणसांनाच म्हणाल्या. दोन माणसं त्यांच्या शेजारी मयताला बसल्यासारखी बसली होती, आणि आपण त्यांच्या मयतात आणखी एक मयत मागतोय हे त्यांना कळत होतं. तरी त्या मागत राहिल्या.

वर्णन करणारा एकदम चढ्या आवाजात बोलायला लागला. चारकमानचा बॅक बॉल घेऊन स्वतःच्याच गोलासमोर घुटमळतोय, समोरून दोघे आलेत, तरी तो बॉल सोडत नाही.

"सोड," संपतराव म्हणाले. "सोड की. गाढवा. गाढवाच्या लेका."

पाचवा गोल झाला. रेडिओत कोलंबोचे लोक ओरडत होते, आणि जालन्यातल्या त्या खोलीत कोणी हललं नाही. मग गफूरमियाँनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते रडायला लागले. भुजंग उठून आला आणि संपतरावांच्या समोर उकिडवा बसला. "संप्या," तो म्हणाला, "अजून एकदा बोल." संपतराव त्याच्याकडे बघत राहिले. ओठ हलले, जबडा एका बाजूला ओढला गेला, डोळ्यांत ती नेहमीची कासाविशी आली, बंद दार आतून ढकलणाऱ्या माणसाची. शब्द आला नाही. मॅच संपली तेव्हा चहा गार झाला होता. गिरिजाबाईंनी तो पुन्हा उकळला आणि त्यात साखर जास्त घातली.

रात्री त्यांना वाटलं, आपण त्या खेळाला किती शिव्या दिल्या. लग्न होऊन त्या परतूरहून हैदराबादजवळच्या लालागुड्याला गेल्या तेव्हा संपतराव रेल्वेच्या वर्कशॉपात होते, आणि दर रविवारी जेवण अर्धं टाकून मैदानावर पळत होते. एकदा त्यांनाही घेऊन गेले होते. गिरिजाबाईंना त्या दिवसाचं आठवतं ते हिरवं गवत, इतकं हिरवं की खोटं वाटावं. संत्र्याच्या सालींचा वास. आणि शेजारी बसलेल्या आपल्या सभ्य, अबोल नवऱ्याच्या अंगातून निघालेला तो आवाज. घरी मीठ कमी पडलं तरी न बोलणारा माणूस तिथे उभा राहून बॅकला गाढव म्हणत होता आणि आसपासची माणसं त्याला दाद देत होती. त्यांना लाज वाटली होती. येताना टांग्यात त्यांनी विचारलं, एवढं काय असतं त्यात. संपतराव म्हणाले की ते पहिल्यांदा या मैदानावर आले तेव्हा चारकमानने गोल केला आणि शेजारच्या एका परक्या माणसाने, चांगल्या घरच्या, अत्तर लावलेल्या, त्यांना मिठी मारली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "परतुरात आपल्याला कोणी शिवत न्हवतं, गिरजा. अन् त्यानं असं आवळून धरलं की माझी हाडं दुखली." गिरिजाबाई तेव्हा हसल्या होत्या. नव्या लग्नात माणूस कशालाही हसतं. पुढे बदली जालन्याला झाली, मैदान गेलं, रेडिओ आणि चार दिवसांनी येणारा पेपर राहिला. गफूरमियाँच्या दुकानापुढचं बाकडं राहिलं. आणि दर रविवारी कोणातरी दूरच्या टीमपायी घराबाहेर असणारा नवरा राहिला. गिरिजाबाई त्या टीमला सवत म्हणायच्या. थट्टेत म्हणायच्या, पण थट्टा सगळी नव्हती.

आणि तो आवाज मैदानापुरताच नव्हता. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत घोषणा संपतरावांचीच असायची. ते पुढे आणि मागे सगळी वस्ती. या वर्षी मिरवणूक त्यांच्या क्वार्टरपुढे मुद्दाम थांबवली होती. खुर्ची ओट्यावर आणून ठेवली, निळा फेटा बांधला, आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. संपतरावांनी डावा हात वर केला. गळ्याच्या शिरा फुगल्या. एक हवेचा आवाज आला, दिवा विझताना येतो तेवढा. मग कोणीतरी मागूनच घोषणा दिली, लोकांनी ती उचलली, मिरवणूक पुढे गेली, आणि गिरिजाबाईंनी खुर्ची आत ओढून घेतली. त्या दुपारी त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आता जे नाही ते मागायचं नाही. जयभीम आलं नाही. लेकीचं नाव आलं नाही. सत्यशीला सासरहून आली आणि बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसली, तरी आलं नाही. गिरजा आलं नाही. आणि कोलंबोतल्या कोणत्या तरी बॅकसाठी गाढव आलं. कुशीवर वळून त्या अंधारात नवऱ्याच्या श्वासाकडे कान देत राहिल्या. राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण तो राग धरून ठेवायला हातात जोरच नव्हता. हात दुसऱ्याच कशानेतरी भरून आले होते.

दुसऱ्या दिवसापासून स्टेशन रोडवर सुतक पडलं. गोदामात जाताना गिरिजाबाईंना ते दिसायचं. बाकड्यावर माणसं बसलेली असायची आणि बोलायची नाहीत, किंवा एकदम सगळी बोलायची. कोणी म्हणे, टीम समुद्राच्या हवेने आजारी पडली. कोणी म्हणे, दौऱ्यावर जाऊन मौज केली, खेळायचं विसरले. बद्रीनाथ कापडवाल्याने, जो कधी मॅच ऐकायचा नाही, गफूरमियाँना विचारलं की पाच म्हणजे फार का हो, आणि गफूरमियाँनी दोन दिवस त्याच्या सायकलचं पंक्चर काढलं नाही. भुजंगने गफूरमियाँच्या दुकानात लावलेला टीमचा फोटो उलटा करून ठेवला. भुजंग पिंपळगाव रेणुकाईचा, घरी भरपूर शेती, पण भावांशी पटलं नाही म्हणून मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडत्याकडे लागला होता. जालन्यात त्याचं म्हणावं असं कोणी नव्हतं. दहा-बारा वर्षं रोज संध्याकाळी चारकमान होती. फ्रेंडलीच तर होती, गिरिजाबाई त्याला एकदा म्हणाल्या, दोस्तीच्या मॅचमध्ये हारलं काय, जिंकलं काय. तो म्हणाला, "वहिनी, दोस्तीत हारलं की जास्त लागतं." त्या अशा एका गावातून चालत होत्या जिथे सगळ्यांचं काही गेलं होतं आणि त्यांना मात्र काही मिळालं होतं, आणि हे पदराखाली झाकून न्यावं लागत होतं. सुपात बी पाखडताना त्यांना कोलंबोचा तो माणूस आठवायचा. चौथा गोल मारणारा. त्याचं नाव रेडिओवर घेतलं होतं, पण त्यांच्या कानाला ते धरता आलं नव्हतं. नावाच्या शेवटी सिंघे किंवा सेना असं काहीतरी. तो त्या दिवशी घरी गेला असेल, पाय धुतले असतील, बायकोने वाढलेलं जेवला असेल. त्याला काय माहीत. एवढ्या लांबच्या, तोंड न पाहिलेल्या माणसाने आपल्या घरात हे करून ठेवावं, आणि त्याला ते सांगायला आपल्याकडे वाट असू नये, याने त्यांचा ऊर भरून यायचा. बाजूची सगुणाबाई विचारायची, काय गं, डोळ्यात कचरा गेला का. त्या म्हणायच्या, हो.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. शिव्या, गाणी, तोंडात बसलेली बोली मेंदूत वेगळ्या कप्प्यात राहते. ती निसटून येते. तिच्यामागून बाकीचं येईलच असं नाही. बोलतं ठेवा. गफूरमियाँनी हे ऐकलं आणि एवढंच धरलं: बोलतं ठेवा. संध्याकाळी दुकान बंद करून ते आणि भुजंग आले, सतरंजीवर बसले, आणि गफूरमियाँनी ती मॅच पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली. त्यांना सगळी पाठ होती. त्या धापा टाकणाऱ्या माणसासारखा आवाज काढून ते सांगत, बॅकपाशी आले की मुद्दाम रेंगाळत, आणि खाटेकडे चोरून बघत. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संपतराव म्हणाले, "सोड." मग रोज. दर संध्याकाळी चारकमान त्या खोलीत हरत होती. खऱ्या गोलांनी भागेना तेव्हा गफूरमियाँ मनचे गोल घालायला लागले. पाचाचे सात झाले, सातांचे नऊ. बिचाऱ्या गोलीने जे दोन बॉल अडवले होते तेही आत गेले. भुजंगला हे सहन होत नव्हतं हे गिरिजाबाईंना दिसायचं. नववा गोल झाला की तो दाराबाहेर जाऊन उभा राहायचा. एकदा त्या त्याच्यामागे गेल्या आणि म्हणाल्या की भाऊ, तुम्ही नका येऊ, तुमच्या जिवाला तरास होतो. त्याने मान हलवली. "होऊ द्या," म्हणाला. "त्यो शिव्या देऊन राह्यला ना. मंग."

तो आत गेला. गिरिजाबाई ओट्यावरच थांबल्या. संध्याकाळचा वारा मोंढ्याकडून सरकीचा वास घेऊन येत होता. लालागुड्याच्या टांग्यात आपण ज्या गोष्टीला हसलो होतो ती गोष्ट आपल्याच घरात, सतरंजीवर बसली आहे, हे त्यांना त्या वेळी कळलं. कोणाला काय म्हणायचं ते मात्र कळलं नाही. आभार हा शब्द त्यांच्या तोंडात बसत नव्हता. तो सभेतला शब्द होता. त्या आत गेल्या आणि दोघांना जेवायलाच बसवलं. भुजंग पंगतीत बसला, भाकरी मोडली, आणि जेवला. इतक्या वर्षांत तो त्या घरात चहा घ्यायचा, जेवायला कधी बसला नव्हता, आणि त्याला कोणी कधी विचारलंही नव्हतं.

पण दोघे गेल्यावर, दिवा बारीक केल्यावर, गिरिजाबाईंना एक हाव सुटायची. त्या खाटेशी बसायच्या आणि म्हणायच्या, गिरजा म्हणा. गि. म्हणा ना. संपतराव प्रयत्न करायचे. गाढव, सोड, लेका, हे शब्द त्यांच्या ओठांवरून ओळखीच्या वाटेने येत. गिरजाला वाट नव्हती. कपाळाला घाम यायचा. एकदा ते इतके चिडले की डाव्या हाताने त्यांनी तांब्या ढकलून दिला आणि म्हणाले, "गाढव." गिरिजाबाईंनी पाणी पुसलं. पुसता पुसता त्यांना हसू आलं, आणि हसू येताच रडू आलं, आणि मग त्यांनी नाव मागायचं सोडून दिलं. माणसाच्या आत किती कप्पे असतात आणि कोणत्या कप्प्याला कोणी कुलूप लावलंय, हे त्यालाच माहीत नसतं. मग आपण किल्ली मागून त्याला का दमवायचं.

दसऱ्यानंतर मोसम सुरू झाला. चारकमानची पहिली लीग मॅच हैदराबादेतच होती, आणि वर्णन उर्दूतून लागणार होतं. गफूरमियाँनी पुन्हा रेडिओ गोधडीत बांधून आणला. या वेळी वस्तीतली आणखी दोन माणसं आली, दारात उभी राहिली. गिरिजाबाई स्वयंपाकघरात गेल्याच नाहीत. टीम जिंकली तर? जिंकली तर हे कशावर चिडतील? आणि हरली तर, तर समोर बसलेल्या भुजंगचं काय, ज्याने महिनाभर रोज आपल्या जिवावर नऊ-नऊ गोल झेलले? दोन्ही गोष्टी एकदम मागता येत नव्हत्या. त्यांनी काहीच मागितलं नाही. नुसत्या बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून.

चारकमान जिंकली. शेवटी शेवटी एकच गोल झाला, आणि झाला तेव्हा भुजंग ओरडला नाही. गफूरमियाँही ओरडले नाहीत. दोघांनी आधी खाटेकडे पाहिलं, चोरी केलेल्या माणसांनी पाहावं तसं. दारातली माणसं एकमेकांना टाळ्या देता देता थांबली. रेडिओत सगळं हैदराबाद पेटलं होतं आणि खोलीत कोणी हसायला तयार नव्हतं. गिरिजाबाईंनी मान वर केली. संपतराव मागे भिंतीला टेकून बसले होते. कपाळावर आठी नव्हती. जबडा ओढला गेला नव्हता. त्यांनी डावा हात उचलला आणि समोर बसलेल्या भुजंगच्या खांद्यावर ठेवला. थोडा वेळ नुसता ठेवला, मग आवळला, इतका की भुजंग पुढे ओढला गेला.

"बरं झालं," संपतराव म्हणाले.

सावकाश म्हणाले. घोगरेपणा होता, पण दोन्ही शब्द पुरते बाहेर आले, आणि त्यांत राग नव्हता. भुजंगने तोंड त्यांच्या मांडीत घातलं. दारातून कोणीतरी आरोळी दिली आणि मग सगळेच ओरडायला लागले, गल्लीतून लोक धावत आले, काय झालं म्हणून विचारायला लागले, आणि कोणी मॅचचं सांगत होतं, कोणी संपतरावांचं. त्या गलक्यात संपतरावांनी मान वळवून गिरिजाबाईंकडे पाहिलं. ते कशाला बरं झालं म्हणाले, गोलाला की आणखी कशाला, हे विचारावं असं त्यांच्या ओठांवर आलं. पण त्या उठल्या आणि दारातल्या माणसांना आत बसायला जागा करून द्यायला लागल्या.